जुने कृष्णधवल रहस्यपट घरी बघताना: आधी प्रत तपासा, मग टीव्ही

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९३० ते १९५० या दशकांतले कृष्णधवल डिटेक्टिव्ह सिनेमे डीव्हीडी आणि ब्लू-रेवर बघायला घेतले, पण चित्र धुरकट दिसतं, रात्रीच्या प्रसंगांत काही कळत नाही, माणसं फुगल्यासारखी रुंद दिसतात, संवाद भराभर निघून जातात आणि निम्म्यात झोप येते. टीव्ही नवा, ५५ इंची आहे. चूक कुठे होतेय आणि काय विकत घ्यावं?

टीव्ही तरी घेऊ नका. तो पुरेसा आहे. उलट बराचसा घोळ त्याच्याच अतिहुशारीने घातलेला असणार.

या सिनेमांत रंग नाही, म्हणजे छायालेखकाचं सगळं भांडवल काळा, पांढरा आणि त्यांच्या मधले करडे एवढंच. दाराआड उभा राहिलेला माणूस, कोटाच्या खिशाकडे सरकणारा हात, टेबलाखाली पडलेली काडेपेटी हे सारं करड्याच्या अगदी तळाच्या दोन-चार पायऱ्यांवर मांडलेलं असतं. त्या पायऱ्या पुसल्या गेल्या की पडद्यावर टोप्या घातलेली माणसं नुसती बोलत बसलेली दिसतात, आणि मग झोप येणारच. पायऱ्या पुसणारे तीन: खराब प्रत, टीव्हीची चुकीची सेटिंग आणि खोलीतला उजेड. तपास याच क्रमाने करा. खराब प्रत कुठलाही टीव्ही सुधारू शकत नाही. चांगली प्रत मात्र कुठलाही टीव्ही सहज बिघडवू शकतो.

प्रतीपासून सुरू करू, कारण पैसे खर्च करायची खरी जागा तीच. सिनेमा चित्रित होतो ती मूळ निगेटिव्ह. तिच्यावरून मास्टर पॉझिटिव्ह, त्यावरून ड्यूप निगेटिव्ह आणि त्यावरून थिएटरात जाणारी प्रिंट. प्रत्येक पिढीत कॉन्ट्रास्ट (काळ्या-पांढऱ्यातला भेद) थोडा चढतो आणि बारकावा थोडा गळतो. पुढे टेलिव्हिजनसाठी १६ मिलिमीटरच्या प्रती निघाल्या. स्वस्त डीव्हीडीचं मूळ बहुधा अशाच एखाद्या झिजलेल्या १६ मिलिमीटर प्रतीत, किंवा तिच्यावरून कधीकाळी केलेल्या व्हिडिओ टेपमध्ये असतं. परिणाम: चेहरा पांढराफटक, कोट म्हणजे एक काळा डाग, आणि मधलं सगळं गायब.

एकच सिनेमा दहा कंपन्यांनी काढलेला का दिसतो, याचं कारण कायद्यात आहे. अमेरिकेत १९६४ पूर्वी प्रदर्शित झालेल्या सिनेमाला आधी २८ वर्षांचा प्रताधिकार (कॉपीराइट) मिळे आणि मुदत संपताना नूतनीकरण करावं लागे. ज्यांनी ते केलं नाही त्यांचे सिनेमे सार्वजनिक झाले, म्हणजे कोणीही ते काढून विकू शकतो. १९५० चा ‘डी.ओ.ए.’ असा सुटलेला आहे. नट बेसिल रॅथबोनच्या शेरलॉक होम्स मालिकेत १९३९ ते १९४६ दरम्यान १४ सिनेमे निघाले; त्यांतले ‘शेरलॉक होम्स अँड द सिक्रेट वेपन’, ‘द वुमन इन ग्रीन’, ‘टेरर बाय नाइट’ आणि ‘ड्रेस्ड टू किल’ हे चार याच वाटेने गेले. नेमके हेच चार स्वस्त संचांत सगळ्यांच्या हाती पडतात आणि लोक त्यांवरून अख्ख्या मालिकेला गढूळ ठरवतात. मालिकेतले पहिले दोन सिनेमे ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचे, उरलेले १२ युनिव्हर्सलचे. या १२ सिनेमांचं यूसीएलए या लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठाच्या फिल्म अँड टेलिव्हिजन अर्काइव्हने पुनरुज्जीवन केलं आहे. त्या कामावरून निघालेली डिस्क आणि रस्त्यावरच्या संचातली डिस्क एकामागून एक लावून बघा, दोन वेगळे सिनेमे वाटतील. सार्वजनिक झालेला प्रत्येक सिनेमा वाईटच मिळतो असं नाही. फक्त तिथे कंपनीचं नाव बघूनच घ्यायचं, किंमत बघून नाही.

वेष्टनावरच्या ‘डिजिटली रीमास्टर्ड’ या शब्दांना काडीचा अर्थ नाही. टेपवरून डिस्कवर उतरवलं तरी तसं लिहिता येतं. मूळ निगेटिव्ह किंवा ३५ मिलिमीटरच्या मास्टरवरून नवं स्कॅन केलं आहे, असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर विश्वास ठेवा. सिनेमा सुरू होताना स्टुडिओचं मूळ बोधचिन्ह आहे का तेही बघा. टेलिव्हिजन वितरक ते काढून आपली पाटी लावत, त्यामुळे बोधचिन्ह गायब असेल तर प्रत कुठून आली याचा अंदाज येतो.

एका डिस्कवर किती सिनेमे आहेत, हा सगळ्यात सोपा निकष. एकपदरी डीव्हीडीत ४.७ अब्ज बाइट मावतात. त्यावर ७५ मिनिटांचा एकच सिनेमा असेल तर सेकंदाला आठ मेगाबिटच्या आसपास वाट्याला येतात. डीव्हीडीत चित्रासाठी कमाल मर्यादाच ९.८ मेगाबिटची आहे, म्हणजे हे उत्तम झालं. त्याच बाजूला असे चार सिनेमे कोंबले की वाट्याला जेमतेम दोन मेगाबिट. साध्या दिवसाच्या दृश्यात हे खपून जातं. पण धुकं, सिगारेटचा धूर, पाऊस, ओल्या रस्त्यावरचा दिव्याचा उजेड म्हणजे रहस्यपटाचं जे खास सामान, तेच कॉम्प्रेशनला सर्वांत जड जातं. धुक्याचे चौकोनी ठोकळे पडलेले दिसले तर टीव्हीच्या नावाने बोटं मोडू नका. डिस्कवर जागाच नव्हती.

आता वेळेचा हिशोब. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो; पाल (भारत-युरोपातली टीव्ही पद्धत) डीव्हीडीवर तो २५ ने चालवतात. म्हणून १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो आणि आवाज अर्ध्या सुराहून जरा कमी इतका वर चढतो. वेष्टनावर ९६ लिहिलंय म्हणून सिनेमा कापलेला आहे असं समजू नका. मिनिटांना २५ ने गुणून २४ ने भागा आणि मूळ लांबीशी ताडून बघा. तरीही दहा मिनिटं कमी पडत असतील तर कात्री लागलेली आहे. पालवरून एनटीएससीत (अमेरिका-जपानची पद्धत) किंवा उलट केलेलं ढिसाळ रूपांतर मात्र ओळखायला शिका: माणूस चालत असताना पॉज करा. एकाच माणसाच्या दोन अर्धपारदर्शक आकृत्या एकमेकींवर दिसल्या तर दोष प्रतीतच भाजलेला आहे, कुठल्याही सेटिंगने जाणार नाही. त्याऐवजी कडांना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसल्या तर दोष बहुधा प्लेअरचा किंवा टीव्हीचा. डी-इंटरलेसिंग, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं जोडून पूर्ण चौकट करण्याची सोय, ‘फिल्म’ किंवा ‘ऑटो’वर ठेवा. ब्लू-रेला ही कटकट सहसा नसते, फक्त प्लेअरमध्ये २४ चौकटींचं आउटपुट चालू केलेलं असावं.

ग्रेन, म्हणजे चित्रभर दिसणारे बारीक ठिपके, हा बिघाड नव्हे. फिल्मवरच्या चांदीच्या कणांचीच ती रचना. चित्र त्या कणांनीच बनलेलं आहे. चेहऱ्यांवर मेण चोपडल्यासारखं दिसत असेल, लोकरीच्या कोटाची वीण नाहीशी झाली असेल, तर आवृत्ती काढणाऱ्याने नॉइज रिडक्शनचा (ठिपके पुसणाऱ्या प्रक्रियेचा) रंधा फिरवला आहे. काळ्या टोपीभोवती पांढरी रेघ दिसत असेल तर कडा कृत्रिमपणे उठवल्या आहेत. यापेक्षा किंचित ओरखडे राहिलेली पण ग्रेन जपलेली प्रत केव्हाही घ्यावी.

रंग भरलेल्या आवृत्तीच्या वाटेला जाऊ नका. १९८६ मध्ये ‘द माल्टीज फाल्कन’ला रंग फासले तेव्हा खुद्द दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन जाहीरपणे विरोधात उभा राहिला होता. टीव्हीचा रंग शून्यावर आणला की मूळ सिनेमा परत मिळतो हा समजही चुकीचा आहे. रंग बसावेत म्हणून करड्यांची पातळी आधीच हलवलेली असते आणि चित्र सपाट केलेलं असतं.

एक भानगड राहिली, ती एकाच सिनेमाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांची. ‘द बिग स्लीप’ १९४५ मध्ये परदेशातल्या सैनिकांना दाखवला गेला तो ११६ मिनिटांचा होता. काही दृश्यं नव्याने चित्रित करून १९४६ मध्ये प्रदर्शित झाला तो ११४ मिनिटांचा. दोन मिनिटांचाच फरक दिसतो, पण पहिल्या आवृत्तीत प्रकरणाचा उलगडा करून सांगणारं एक अख्खं दृश्य होतं, ते दुसरीतून काढून टाकलं. नायिकेच्या करारी संवादांना जागा मिळाली आणि कथेचा गुंता आणखी आवळला गेला. तेव्हा हा सिनेमा पाहून काहीच कळलं नाही असं वाटलं तर स्वतःला दोष देऊ नका. आधी १९४६ ची आवृत्ती बघा, ती जास्त चांगली आहे. मग जिज्ञासा असेल तर १९४५ ची. ‘द थर्ड मॅन’ची ब्रिटिश आवृत्ती १०४ मिनिटांची, अमेरिकी ९३ ची, सुरुवातीचं निवेदनही वेगळ्या माणसाच्या आवाजात. इथे निवड करायलाच नको, १०४ मिनिटांची घ्या. ‘टच ऑफ इव्हिल’च्या तीन आवृत्त्या आहेत आणि १९९८ ची दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने स्टुडिओला लिहिलेल्या ५८ पानी टिपणाच्या आधारे नव्याने जुळवलेली आहे. तिच्यात सुरुवातीच्या लांबलचक शॉटवरची नामावळी काढून टाकलेली आहे. तो शॉट नामावळीविना पाहिला की बॉम्ब कुठे आहे याकडे डोळा कसा धरून ठेवला आहे ते कळतं.

आता टीव्हीकडे वळू. माणसं रुंद दिसतात म्हणजे टीव्ही चित्र ताणतोय. १९३२ पासून १९५३ पर्यंत हॉलिवूडच्या चौकटीचं प्रमाण १.३७ : १ होतं, तुमचा पडदा १.७८ : १ आहे. चित्र पडदाभर ताणलं की चेहरा सुमारे ३० टक्के रुंद होतो. ‘झूम’ केलं तर प्रमाण बरोबर राहतं, पण वरखाली मिळून २३ टक्के चित्र जातं, आणि या सिनेमांत वर काय असतं? टोप्या. खाली काय असतं? हात, पिस्तूल, पत्राचा मजकूर. दोन्ही बाजूंचे काळे पट्टे राहू द्या. ५५ इंची टीव्हीवर चित्राची उंची ६८ सेंटिमीटर भरते, तिरपं माप धरलं तर ते ४६ इंची चित्र होतं. चित्र लहान वाटत असेल तर ताणू नका, खुर्ची पुढे घ्या: ब्लू-रेसाठी उंचीच्या तिप्पट म्हणजे दोन मीटर, डीव्हीडीसाठी चौपट-पाचपट म्हणजे तीन मीटरच्या आसपास. डीव्हीडी याहून जवळून पाहिली तर दोषच दिसत बसतील.

बोलपटाच्या अगदी सुरुवातीचे काही सिनेमे आणखी चौकोनी आहेत. १९३१ चा जर्मन ‘एम’ १.१९ : १ चा आहे. तो १.३३ मध्ये भरलेला दिसला तर वरखाली कापलेला आहे. १९५३ नंतरचे सिनेमे मात्र बहुधा रुंद प्रमाणातले. तिथे पट्टे वरखाली येतील. टीव्हीतलं ‘ओव्हरस्कॅन’ही बंद करा, ते चारही बाजूंनी दोन-चार टक्के खातं. त्या पर्यायाचं नाव ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘१:१’ असं काहीतरी असतं.

मग पिक्चर मोड. ‘व्हिव्हिड’, ‘डायनॅमिक’, ‘स्टँडर्ड’ यांतून बाहेर या; ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा असेल तर ‘फिल्ममेकर मोड’ घ्या. नंतर तरीही एकेक तपासून बंद करा: मोशन स्मूदिंग (मधल्या चौकटी टीव्हीने स्वतः बनवून भरणं; याने १९४० सालचा सिनेमा काल दुपारी चित्रित केल्यासारखा दिसतो), डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, ब्लॅक एन्हान्सर, नॉइज रिडक्शनचे सगळे प्रकार, खोलीच्या उजेडानुसार चित्र बदलणारा सेन्सर. यांत डायनॅमिक कॉन्ट्रास्ट सर्वांत घातक. अंधाऱ्या खोलीत कोणी काडी पेटवली की तो अख्खं चित्र वरखाली करतो. काडीच्या उजेडात भिंतीवर क्षणभर दिसायला हवं ते दिसत नाही. शार्पनेस शून्यावर आणा. काही टीव्हींत तटस्थ जागा शून्य नसून मध्यावर असते. शून्यावर चित्र स्पष्टच पुसट झालं तर हळूहळू वर आणा आणि टोपीच्या कडेला पांढरी रेघ उमटायच्या आधी थांबा.

धुरकट चित्राचं नेहमीचं कारण यापेक्षा वेगळं आहे. व्हिडिओत काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५ (‘लिमिटेड’). संगणकाच्या पद्धतीत ० ते २५५ (‘फुल’). प्लेअर एक पद्धत पाठवतो आणि टीव्ही दुसरी धरून बसतो, तेव्हा घोटाळा होतो. काळा राखाडी दिसला तर टीव्ही ‘फुल’वर आहे आणि प्लेअर ‘लिमिटेड’वर; सावल्या डांबरासारख्या एकजीव झाल्या तर त्याच्या उलट. दोन्हीकडे ‘लिमिटेड’ करा. टीव्हीत याला कुठे ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ म्हणतात, कुठे ‘आरजीबी रेंज’. हे जुळवण्याआधी ब्राइटनेसला हात लावू नका, नाहीतर एका चुकीवर दुसरी चूक बसवाल.

जुळल्यावर ब्राइटनेस लावा. एव्हीएस एचडी ७०९ नावाची चाचणी-डिस्क फुकट मिळते. तिच्या काळ्याच्या नमुन्यात क्रमांक घातलेल्या पट्ट्या लुकलुकतात: १६ आणि त्याखालच्या दिसता कामा नयेत, १७-१८ पासून पुढच्या जेमतेम दिसाव्यात. पांढऱ्याच्या नमुन्यात २३४ पर्यंतच्या दिसाव्यात. दिसत नसतील तर कॉन्ट्रास्ट कमी करा. डिस्क नसेल तर सिनेमातलं दृश्य वापरा: काळा कोट घातलेला माणूस काळोख्या भिंतीपुढे. कोटाची कॉलर आणि घडी कळली पाहिजे, पण बाजूच्या पट्ट्यांचा काळा उजळता कामा नये. दुसऱ्या टोकाला पांढरा शर्ट बघा. कॉलरची शिवण दिसत नसेल तर कॉन्ट्रास्ट जास्त आहे. चित्राची एकूण प्रखरता ब्राइटनेसने नव्हे, बॅकलाइटने (पडद्यामागच्या दिव्याने) कमी-जास्त करायची. आणि सगळं दिसावं म्हणून ब्राइटनेस चढवायचा मोह आवरा: त्या काळी रात्रीचे बरेच प्रसंग दिवसा फिल्टर लावून चित्रित केलेले आहेत. ब्राइटनेस दोन घरं जास्त झाला की मध्यरात्रीचा पाठलाग भर दुपारचा होतो, झाडांच्या सावल्यांसकट.

रंगीत सिनेमात खपून जाणारा पांढऱ्याचा दोष इथे उघडा पडतो. कलर टेंपरेचर ‘वॉर्म’, बहुतेक टीव्हींत ‘वॉर्म २’, म्हणजे ६५०० केल्विनच्या जवळ. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल. डोळ्यांना निळसर पांढऱ्याची सवय झालेली असते. सावल्या हिरवट आणि उजेड तांबूस असा भेद तरीही दिसत असेल तर व्हाइट बॅलन्सचे ‘ऑफसेट’ सावल्यांसाठी आणि ‘गेन’ उजेडासाठी, एकेका अंकाने हलवा.

टेप किंवा जुना प्लेअर पिवळ्या कॉम्पोझिट वायरने जोडलेला असेल तर ट्वीडचे कोट, पट्ट्यापट्ट्यांचे सूट आणि खिडक्यांचे व्हेनेशियन ब्लाइंड यांवर इंद्रधनुष्य तरळतं. त्या वायरीत रंग आणि उजेड एकाच सिग्नलमध्ये कोंबलेले असतात, आणि बारीक पट्ट्यांना टीव्ही रंग समजतो. इथे मात्र टीव्हीचा ‘कलर’ शून्यावर आणणं हाच रामबाण उपाय. टेपवरचा रंगीत मुरमुराही त्यानेच जातो. फक्त पुढच्या सिनेमाआधी पूर्ववत करायला विसरू नका. अकिरा कुरोसावाच्या १९६३ च्या ‘हाय अँड लो’ या कृष्णधवल तपासपटात एका क्षणी मुद्दाम रंग येतो. कुठे ते सांगत नाही, पण तो क्षण पुसून टाकलात तर हळहळाल.

प्रोजेक्टर असेल तर एकच इशारा: एका चिपच्या डीएलपी प्रोजेक्टरमध्ये फिरती रंगचक्ती असते. काळ्यावर पांढरं असं चित्र आलं आणि नजर झटकन हलली की काहींना लाल-हिरवे-निळे फटकारे दिसतात. कृष्णधवल रहस्यपट ही त्याची सगळ्यात कठोर परीक्षा. घेण्याआधी असाच सिनेमा लावून बघा.

खोलीत अंधार करा, पण पूर्ण नको. पडद्यात दिव्याचं प्रतिबिंब पडलं की तळाचे करडे गेलेच. टीव्हीच्या मागे, भिंतीवर उजेड पडेल असा ६५०० केल्विनचा मंद दिवा ठेवला की डोळे थकत नाहीत आणि काळा जास्त काळा भासतो. आयपीएस प्रकारच्या पॅनेलवर काळा मुळातच करडा असतो, त्याला हा दिवा फार उपयोगी. ओएलईडीवर काळा पूर्ण काळाच असतो, तिथे तो ऐच्छिक आहे.

आवाज. इथे लोक उलटं करतात: ऐकू येत नाही म्हणून ट्रेबल वाढवतात. त्या काळच्या ऑप्टिकल (फिल्मच्या कडेला प्रकाशाने नोंदलेल्या) ध्वनिपट्टीत सात-आठ हजार हर्ट्झच्या वर फारसं काही नाहीच. तिथे आहे ती खरखर. वाढेल तीच. ध्वनी मोनो (एकाच चॅनेलचा) आहे, तो मोनोच ऐका: ‘सराउंड’, ‘हॉल’, ‘व्हर्च्युअल’ सगळं बंद. साउंडबार किंवा रिसीव्हर असेल तर आवाज मधल्या स्पीकरमधून येऊ द्या. दोनच स्पीकर असतील तर दोन्हींच्या बरोबर मध्ये बसा. मूळ दोन चॅनेलमध्ये सारखाच मोनो असताना एका बाजूचा स्पीकर उलट जोडला गेला तर आवाज पोकळ होऊन संवाद विरतात, म्हणून तारांचे लाल-काळे टोक तपासा. खालून सतत घुमल्यासारखं येत असेल तर ती ९६ हर्ट्झची घुमघुम असू शकते: सेकंदाला २४ चौकटी, प्रत्येक चौकटीला फिल्मच्या कडेची चार छिद्रं, आणि छिद्रांची ती लय ध्वनिपट्टीत शिरलेली. वूफर थोडा उतरवा. ज्या प्रतीत खरखर अजिबात नाही आणि दोन वाक्यांमध्ये ठार शांतता आहे, तिथे आवाजावरही रंधा फिरलाय. पावलं, श्वास, दाराची कडी सगळं गेलेलं असतं. ‘एम’मध्ये एका शिट्टीला केवढं महत्त्व आहे ते ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे. थोडी खरखर सोसा.

संवाद भराभर जातात ही तक्रार खरी आहे. त्या काळचे लेखक आणि नट मुद्दाम वेगाने बोलत, शिवाय तेव्हाची गल्लीतली भाषा. सबटायटल्स लावायला लाजू नका. एक अडचण येते: कित्येक अमेरिकी डीव्हीडींत सबटायटल्स नसतात, फक्त ‘क्लोज्ड कॅप्शन्स’ असतात, आणि ती एचडीएमआयमधून जात नाहीत. टीव्हीवर कितीही बटणं दाबा, दिसणार नाहीत. संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ-प्लेअरमध्ये डिस्क लावा, तिथे दिसतात.

विकत घेण्याआधी रीजन बघा, म्हणजे डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालते ते. डीव्हीडी रीजन १ उत्तर अमेरिका, २ पश्चिम युरोप आणि जपान. ब्लू-रे ए अमेरिका खंड आणि जपान, बी युरोप-आफ्रिका-ऑस्ट्रेलिया, सी मध्य आणि दक्षिण आशिया, चीन, रशिया. फोर-के डिस्कला रीजन नसतं, पण संचातल्या सोबतच्या ब्लू-रेला असू शकतं.

बघायचं कसं? पहिल्याच दिवशी ‘द बिग स्लीप’ने सुरुवात करू नका. युनिव्हर्सलच्या होम्स मालिकेतले सिनेमे ६० ते ७५ मिनिटांचे आहेत, एका बैठकीत संपतात. नंतर ‘द थिन मॅन’ची १९३४ ते १९४७ मधली सहा सिनेमांची मालिका, क्रमाने बघा, कारण नवरा-बायकोचं नातं पुढे सरकत जातं. (‘थिन मॅन’ म्हणजे तो डिटेक्टिव्ह नव्हे. पहिल्या सिनेमातल्या दुसऱ्याच पात्राला उद्देशून ते नाव आहे. पुढच्या पाच शीर्षकांत ते केवळ खपतं म्हणून चिकटलं.) त्यानंतर १९४० च्या दशकातले काळोखे सिनेमे. पहिल्या दहा मिनिटांत पाच-सहा नावं कानावर आदळतात, त्यांतली दोन-तीन पडद्यावर माणूस येण्याआधीच. कागदावर नावं लिहून ठेवा, समोर एक शब्द: ‘मालक’, ‘पुतण्या’, ‘गाडीवाला’. मोबाइलवर शोधायला जाल तर पहिल्या ओळीतच खुनी कळेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात असली की शेवट वेगळे दिसतात. जुलै १९३४ पासून हॉलिवूडमध्ये प्रॉडक्शन कोडची (सिनेमात काय दाखवावं याच्या नियमावलीची) अंमलबजावणी कडक झाली. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, असा दंडक. म्हणून कितीतरी सिनेमांत शेवटची पाच मिनिटं घाईने उरकल्यासारखी वाटतात. दिग्दर्शकाला जे म्हणायचं असतं ते त्याच्या आधीच, नजरेत आणि सावलीत म्हणून झालेलं असतं.

पहिल्या वेळी न थांबता बघा. पॉज करून पुरावे हुडकणं दुसऱ्या फेरीसाठी ठेवा. तेव्हा चौकटीच्या कडेला आणि मागच्या आरशात बघायचं. तिसऱ्या फेरीत हवी तर ऑडिओ कॉमेंटरी. आणि डिस्क लावल्यावर मेन्यूत रेंगाळू नका, थेट ‘प्ले’ दाबा. मेन्यूमागे फिरणारी दृश्यं, प्रकरणांची नावं, वेष्टनामागची छायाचित्रं आणि ट्रेलर यांनी जितक्या खुन्यांची नावं फोडली आहेत तितकी कोणा मित्राने फोडली नसतील. प्रकरणांच्या यादीत शेवटच्या दोन-तीन ओळी तर बघूच नका.

डिस्क अडखळली तर मऊ मायक्रोफायबर फडक्याने मधल्या छिद्राकडून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नाही. गोल गेलेला ओरखडा माहितीच्या वाटेलाच समांतर जातो आणि लागोपाठचा भाग एकदम नासतो. आडवा ओरखडा प्लेअर बहुधा सावरून घेतो. दोन पदरी डीव्हीडी सिनेमाच्या मध्याजवळ एकदाच, क्षणभर थबकत असेल तर पुसू नका. प्लेअर एका पदरावरून दुसऱ्यावर जातोय, एवढंच.